राख लिहिलेले सहा दगड

४ फेब्रुवारी

सकाळपासून मोज्यांतली कुसळं उपसतेय. तीन वर्षं या माळावर काढली, तरी पायांना सवय नाही. चारठाण्याच्या पुढं, गायरानाच्या कडेला आमचे बारा तुकडे. सहा जाळायचे, सहा तसेच ठेवायचे. मग पाऊस झाल्यावर कुठं फुलं जास्त, कुठल्या फुलांवर माश्या जास्त, एवढंच बघायचंय. एवढंच म्हणते, पण पीएच.डी. त्यातच अडकलीय.

आज दगड रंगवले. न जाळायच्या सहा तुकड्यांवर 'राखीव' लिहायचं होतं. दगड खडबडीत, रंगाचा डबा तळाला गेलेला. पहिल्याच दगडावर 'राख' झालं आणि जागा संपली. म्हटलं, राख तर राख. राख म्हणजे जपून ठेव, कळतंय की. सहाही दगडांवर तेवढंच लिहिलं. जाळायच्या तुकड्यांवर काहीच नाही, रंगच उरला नाही. प्रदीप माझ्याच सरांकडे, माझ्याच वर्षाचा. म्हणाला, "शुभे, कंजूसपणाला काही हद्द?" अक्षर मात्र बरं आलंय म्हणाला.

९ फेब्रुवारी

आज मातीत घर करणाऱ्या माश्यांची एकोणीस बिळं सापडली, सगळी तीन नंबरच्या राखीव तुकड्यात. मला पाच, अप्पांना चौदा. विश्वनाथअप्पा आमचे राखणदार. साठीचे, गळ्यात लिंग, पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट नाही. नजर माझ्यापेक्षा तेज. बिळाशेजारी झाडूची काडी रोवायची, माशी बाहेर आली की जाळीत धरून पाठीवर नेलपॉलिशचा गुलाबी ठिपका द्यायचा.

अप्पा म्हणे, "माशीला बी नटवायलाव व्हय ताई? माझ्या म्हानंदाला कळलं तर रुसंल."

महानंदा त्यांची धाकटी, नववीला. तिनंच त्यांना गेल्या वर्षी अक्षरं शिकवली. आता भाकरी बांधून आणलेला पेपरसुद्धा वाचतात. आज दगडासमोर उकिडवे बसले. "र... ला काना... रा. ख. राख!" आणि माझ्याकडे बघून असे हसले! मी शाब्बास म्हटलं.

जेवताना मी विचारलं, एवढं वाळकं गवत पेटलं की भीती नाही वाटत? तर म्हणाले, "आमच्यात मेल्यावर बी जाळत न्हाईत. बसवून पुरतेत. इस्तूचं आन् आमचं चुलीपुरतंच."

१६ फेब्रु.

जाळायच्या सहा तुकड्यांभोवती पट्टे साफ करून घेतले. चार हात रुंद, काडीही ठेवली नाही, म्हणजे आग बाहेर जाणार नाही. गावातल्या बायांनी दोन दिवसांत उरकलं. अप्पा तेव्हा राणीसावरगावला बहिणीकडे गेले होते. आज आले, पट्टे बघत एक चक्कर मारली.

"कडब्याच्या गंजीभवती करतेत तसं केलाव की."

मी काड्या मोजत होते. "हो अप्पा, अगदी तसंच."

खूश झाले. मीपण. पाठ मोडलीय, पण काम वेळेत.

२१ फेब्रु.

सरांचा फोन. २३ला बाहेरून समिती येतेय, मीच सादरीकरण करायचं. २३लाच जाळायचं ठरलंय. सर म्हणे, "प्रदीप आहे ना? मग?" हो, प्रदीप आहे. पाठीवरचे पाण्याचे पंप घेऊन दोन माणसं जिंतूरहून त्याच्याबरोबर येतील. वारं दहाच्या आधी नसतं, तेवढ्यात उरकायचं. नाहीतर पुढं ढगाळ दाखवतायत.

मला तिथं असायचं होतं. तीन वर्षांत हाच एक दिवस होता. चिडचिड झाली, पण 'हो सर' म्हटलं. सरांपुढं माझी बोलती बंद होते, हे जुनंच.

२३ फेब्रु.

काय लिहू.

माळ जळाला. सगळा. अप्पा भाजलेत. परभणीच्या सरकारी दवाखान्यात आहेत. मी आत्ताच आले तिथून. छाती, दोन्ही हात.

२४ फेब्रु.

नीट लिहिते, नाहीतर पुढं मलाच खोटं आठवेल.

काल साडेआठला प्रदीपचा फोन, जीप जिंतूरच्या अलीकडं बंद पडलीय, तास तरी लागेल. मी हॉलबाहेर उभी, आत माझं नाव पुकारतायत. मी अप्पांना फोन केला. पंपवाले तिथं पोचले नाहीत हे मला माहीत होतं. तरी म्हटलं, प्रदीप येतोयच, तुम्ही सुरुवात करा, वारं सुटायच्या आत.

अप्पांनी विचारलं, "दगडावर लिव्हलंय तसं करायचं ना ताई?"

"हो, हो. दगडावर लिहिलंय तसंच."

ठेवला फोन. आत गेले आणि पडद्यावर त्याच दगडांचे फोटो दाखवले.

त्यांनी राख लिहिलेले तुकडे पेटवले. ज्यांची राख करायची ते. ज्यांच्याभोवती साफ केलं होतं ते गंजीसारखे वाचवायचे, म्हणून सोडले. राखीव तुकड्यांभोवती पट्टे नव्हतेच. आग कुठं थांबणार? अप्पा एकटे गोणपाट ओलं करून झोडपत राहिले.

प्रदीपला दगड बघितल्याबरोबर कळलं. मला त्यानं सांगितल्यावर. बारा लोकांसमोर ते फोटो दाखवले मी, एकालाही दुसरा अर्थ दिसला नाही. आमच्यात राख म्हणजे राखीवच होतं ना.

२६ फेब्रु.

अप्पा शुद्धीवर. बाहेर त्यांची बायको भिंतीला टेकून. आत महानंदा, मी.

"ताई, राखच लिव्हलं हुतं न्हवं? म्या बराबर वाचलं न्हवं?"

मी म्हटलं, "अप्पा, बोलू नका. आराम करा."

हे म्हटलं मी. एवढंच. हो म्हणायला एक अक्षर लागतं.

२८ फेब्रु.

पहाटे अप्पा गेले.

दुपारी त्यांच्या शेताच्या कोपऱ्यात. खड्ड्यात मांडी घालून बसवलं, कपाळाला भस्म, हातात लिंग. बँडेजच्या हातात ते धरवेना, महानंदाच्या मामानं कापडानं बांधलं. माती लोटायला लागल्यावर मला बघवेना. मी गावकऱ्यांच्या मागं उभी राहिले, चपला हातात घेऊन.

परतताना दोन माणसं बोलत होती. "पेला असंल. शुद्धीतला माणूस गायरान पेटवतोय व्हय?" ज्या माणसानं आयुष्यात दारूला हात लावला नाही, त्याच्याबद्दल. मला ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. प्रदीपनं कोपर धरलं होतं, आणि खरं सांगायचं तर धरलं नसतं तरी.

३ मार्च

सरांनी निवेदन तयार केलंय. वाचून दाखवलं. "राखणदाराने कोणतीही सूचना नसताना, स्वतःच्या मनाने..." खाली दोन जागा, माझी आणि प्रदीपची.

मी म्हटलं, सर, फोन मी केला होता. ते म्हणाले, "काय बोलणं झालं ते फक्त त्याला आणि तुला माहीत. तो आता नाही." आवाज चढवला नाही. पाणी दिलं प्यायला. "तीन वर्षं वाया घालवू नकोस, शुभांगी."

प्रदीपनं सही केली. बाहेर आल्यावर सांगितलं की काल त्यानं माळावर जाऊन दगड तारेच्या घासणीनं घासले. पाचच सापडले म्हणाला. मी त्याच्यावर खेकसले, आणि खेकसताना आतून हलकं वाटलं, त्याची लाज अजून जात नाही.

६ मार्च

गावात गेले. एकटीच.

माळ काळा. झाडूच्या काड्याही जळाल्या, बिळं कुठली ते कळेना. पण गुलाबी ठिपक्याची एक माशी दिसली, राखेतून वर आली. मातीखाली वाचल्या असतील. वही काढली नाही. अप्पांना दाखवावीशी वाटली, आणि मग तिथंच बसून रडले.

घरी त्यांची बायको नुसती बसलेली. चारा गेला म्हणून बाया हिच्याशी बोलत नाहीत. पाण्याला गेली की नंबर मागं सारतात. महानंदा आठ दिवस शाळेत गेली नाही. पोरी म्हणतात, तुझ्या बापानं आमची जनावरं उपाशी मारली. परीक्षा तोंडावर आलीय.

महानंदा म्हणाली, "अप्पा शेवटपोतर म्हणायचे, म्या वाचलं ते बराबर हाय. कुणी ऐकूनच घेईना. म्हणतेत, त्याला कुठं वाचाय येतंय."

मग म्हणाली, चला.

शेताच्या कोपऱ्यात, अप्पांच्या डोक्याशी, सहावा दगड. तिनं माळावरून डोक्यावर आणला होता. एका बाजूनं काळा झालाय, अक्षरं पांढरी स्वच्छ.

"अप्पानं वाचलेलं शेवटलं हेच, म्हणून ठिवला. ताई, तुमी वाचा की."

वाचलं. मोठ्यानं. "राख."

"मला बी तसंच दिसतंय. पर मला दोन अर्थ दिसायलेत. म्याच शिकवलं त्यास्नी, म्या फकस्त वाचायला शिकवलं. तुमाला कंचं लिव्हायचं हुतं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला वाटतंय तिचं शिकवणं चुकलं. पंधरा वर्षांची पोर आठ दिवस हे उरावर घेऊन बसलीय, आणि मी तिच्यासमोर उभी.

मी म्हटलं, "परत येते मी, महानंदा." आणि बस धरली. पळून आले, दुसरा शब्द नाही.

७ मार्च

उद्या दहाला निवेदनावर सही करून द्यायचीय. सरांचे दोन फोन, घेतले नाहीत. प्रदीपचा मेसेज, 'प्लीज.'

निवेदन टेबलावर पालथं घातलंय. पाठकोऱ्या बाजूवर लिहिलं, 'दगडावरचं अक्षर माझं आहे.' अक्षर खरंच बरं आहे माझं. पुढं लिहिलं, 'फोन मी केला.' मग ते खोडलं. मग परत लिहिलं.

चारठाण्याची गाडी सकाळी सातला सुटते, विद्यापीठ इथून चालत दहा मिनिटं. पिशवी भरलीय. कागद अजून टेबलावरच आहे.