तळेघरच्या पावसाला टिकेल असं तेल

१२ मे १९९९, घोडेगाव
आजवर स्वतःच्या हातानं केलेलं: चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायचं स्टँड (मोडक्या खाटेच्या अँगलचं). चेनची पिन ठोकायचा पंच, ट्रॅक्टरच्या व्हॉल्व्हचा. हवेच्या पंपाचे वायसर, जुन्या चपलेच्या चामड्याचे. सायकल दुरुस्तीच्या दुकानातलं टेबल, फळ्या, पाटी, पाटीवरची अक्षरं. चेनला घालायचं उन्हाळी तेल. हिवाळी तेल.
पावसाळी तेल अजून नाही.

१५ मे
उन्हाळी (उ.ते.): मेणबत्तीचं मेण रॉकेलात. डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून, विस्तवावर थेट कधीच नाही. रॉकेल उडून जातं, मेण कडीच्या आत राहतं, धूळ चिकटत नाही.
हिवाळी (हि.ते.): शिलाई मशीनचं तेल दोन भाग, इंजिन ऑईल एक भाग. नवं. जळकं ऑईल चेनला घालणारा माणूस स्वतः पोहे गटाराच्या पाण्यात भिजवेल का?
कुणी शिकवलेलं नाही. सातवीनंतर शाळा नाही. उस्ताद तर कधीच नव्हता.

२१ मे
लोणीचा मेहुणा सोपान आला. मोटरसायकलवर. चौदा वर्षं दुधाचे कॅन सायकलवर नेले त्यानं, त्याच्या चेनीला माझ्याशिवाय कुणाचा हात नाही.
"दाजी, रागावू नका. गुडघं गेलं माझं."
मी रागावलो नव्हतो. गाडीची चेन बघितली. कोरडी ठणठणीत. उ.ते. घालून दिलं. जाताना म्हणाला, "आता तुमी बी गाडीचं काम शिका की राव." सुमन आतून ऐकत होती. भावाला चहा दुसऱ्यांदा दिला, मला विचारलं नाही.

२ जून
जागामालक येऊन गेले. गाळा त्यांना मोटरसायकलच्या गॅरेजसाठी द्यायचाय. दिवाळीनंतर बघू म्हणाले. "बघू" म्हणजे काय ते मला कळतं.
एकच वाट दिसते. नारायणगावचे शेठ, सायकलच्या सामानाचे होलसेलवाले. उन्हाळ्यात आले होते तेव्हा बोलले होते: पूर्ण पावसाळा टिकलेली एक चेन दाखवा, तेल मी विकतो, जुन्नरपासून मंचरपर्यंत. ती चेन दाखवली तर तेलाच्या पैशातून भाडं वाढवून देता येईल, गाळा राहील. नाहीतर…

९ जून
रामदास आला. तळेघरचा टपालवाला. माझं शेवटचं खरं गिऱ्हाईक म्हटलं तरी चालेल. वाड्यावस्त्यांना टपाल वाटतो, एसटी जिथं जात नाही तिथं हा सायकल घालतो, जिथं सायकल जात नाही तिथं ती खांद्यावर.
फडक्यात काहीतरी गुंडाळून आणलं होतं. मध काढून उरलेल्या पोळ्यांचं मेण. "आमच्याकडं लोक मध घेत्यात, ह्ये टाकून देत्यात. तुमी मेणाचं कायतरी करता ना?"
हातात चोळून बघितलं. मेणबत्तीच्या मेणासारखं ठिसूळ नाही. चिवट. बोटाला धरून राहतं. पाण्याखाली धरलं तरी राहतं.

१४ जून
आजवरचे पावसाळी तेलाचे (पा.ते.) प्रयोग आणि त्यांचं मरण:
ग्रीस. बाहेर बसतं, पिनीपर्यंत जातच नाही.
नव्वद नंबर गिअर ऑईल. आत जातं, टिकतं, पण तळेघरची तांबडी माती धरून ठेवतं. आठ दिवसांत चेन आणि दाते दोन्ही पॉलिश पेपरनं घासल्यागत.
आता: पोळ्याचं मेण एक भाग, नव्वद नंबर तीन भाग, पातळ करायला रॉकेल. गरम असतानाच चेन बुडवायची. काढून टांगायची. मग पुसायची, कोरड्या फडक्यानं, पुसायची, अजून पुसायची. तेल कडीच्या आत पाहिजे, बाहेर दिसता कामा नये. लोकांना बाहेर चकाकणारी चेन आवडते. काय करणार.

१६ जून
रामदासला नवी चेन घालून दिली, नव्या तेलात बुडवलेली. बजावलं: धू, पूस, पण वरून काही घालू नको. काहीही नाही.
"बरं मिस्त्री. लग्नाच्या पोरीला बी एवढं सांगत न्हाईत."

२५ जुलै
रामदासचा निरोप, भीमाशंकरहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडून: "पिशवी भिजली, टपाल भिजलं, मी भिजलो. पण चेन अजून बोलली न्हाई."
चेन बोलत नाही म्हणजे करकर नाही. दिवसभर तेच डोक्यात. दुकानात एकही पंक्चर आलं नाही, तरी.

३० ऑगस्ट
आज स्वतः तळेघरला गेलो. भाताच्या खाचरांच्या कडेनं चालत त्याच्या घरी. सायकल पडवीत. चेन हातानं फिरवली. आवाज नाही, गंज नाही. माती फक्त बाहेरच्या पट्ट्यांना, फडक्यानं निघाली. मोजपट्टी विसरलो दुकानात, चेन किती लांबली ते मोजता आलं नाही. या एका गोष्टीचा राग येतो.
रामदासच्या बायकोनं नाचणीची भाकरी आणि खेकड्याचा रस्सा दिला. काल सायकल पावसात ठेवली म्हणून तिनं रामदासला झापलं. सायकलीवर तिचाच जीव जास्त.

४ सप्टेंबर
सुमनला सांगितलं, झालं तेल.
"मग आता?"
आता पाऊस संपेपर्यंत थांबायचं. शेठना पूर्ण पावसाळ्याची चेन दाखवायची. जागामालकाचा पोरगा सकाळी गाळ्याचं माप घेऊन गेला, हे तिनं संध्याकाळी सांगितलं.

२ ऑक्टोबर
शेठना निरोप धाडला. दसरा झाल्यावर येतो म्हणाले. रामदासलाही कळवलं, त्याच दिवशी सायकल घेऊन ये.

१८ ऑक्टोबर, खंडेनवमी
आम्ही बौद्ध, हत्यारांची पूजा आमच्यात नाही. पण गिऱ्हाईक सगळं पूजेचं. सकाळपासून सायकली धुवायला रांग, वर्षातला एकमेव दिवस. हँडलला झेंडूच्या माळा. आणि घरी गेल्यावर चेनला समईतलं उरलेलं तेल. दर वर्षी सांगतो, करडईचं तेल वाऱ्यावर वाळतं, लाखेसारखं होतं, कडी धरते. दर वर्षी उत्तर तेच, "मिस्त्री, देवाचं तेल हाय त्ये." यावर बोलायची सोय नाही. नोव्हेंबरात त्याच चेनी सोडवतो, त्याचे पैसेही घेतो.

२४ ऑक्टोबर
लिहावंसं वाटत नाही. लिहितो.
शेठ अकराला आले, जीपनं. रामदास आधीच आला होता, नवा सदरा, हँडलला सुकलेली माळ तशीच. मी सायकल स्टँडवर लावली, पायडल फिरवलं. चेन चिकटत चिकटत फिरली. कड्या वाकड्याच्या वाकड्या राहतात. बोट लावलं. चिकट, पिवळट, वर आठवड्याची धूळ. वासावरूनच कळलं.
रामदासकडे बघितलं. तो खूश होता. "समईतलं घातलं मिस्त्री. घरची म्हनली, एवढा पावसाळा हिनं काढला, आधी हिलाच देवाचं तेल."
शेठ हसले. "ह्येच का तुमचं तेल?"
"नाही. हे करडईचं."
एवढंच बोललो. काय झालं ते रामदासला तेव्हा कळलं. खाली बघत बसला. मग सुकलेली माळ काढून खिशात घातली.

२४ ऑक्टोबर, पुढं
वाईट ते वेगळंच. शेठ म्हणाले, चेन राहू द्या, मी चेन बघायला आलोच नव्हतो, माणूस बघायला आलो होतो. तेल घेतो. अट एक: बाटली एकच. तीन तेलं नको. नाव "बारमाही".
मी सांगितलं, पा.ते. एप्रिलात घातलं तर धूळ धरेल. उ.ते. जुलैत घातलं तर एका दिवसात धुऊन जाईल. हिवाळ्यात दोन्ही चुकीची.
"मिस्त्री, चेन खराब झाली तर गिऱ्हाईक चेन घ्यायला माझ्याकडंच येतंय ना?"
थट्टा नव्हती ती.
विचार करा म्हणाले. जागामालकांशीही आपण बोलू म्हणाले. म्हणजे गाळा राहील. सगळं राहील.

२८ ऑक्टोबर
रामदासची चेन ठेवून घेतली होती. रॉकेलात तीनदा धुतली, ब्रशनं, कडी कडी. करडई निघाली. खाली मेण तसंच होतं. पिन पुसल्या तर चकचकीत.
पट्टी लावली. नव्या चेनीच्या चोवीस कड्या म्हणजे बरोबर एक फूट. झिजली की लांबते, दोन सूत वाढली की फेकायची. ही, तळेघरचा पूर्ण पावसाळा खाऊन, बरोबर एक फूट. केसाचा फरक नाही.
सुमनला दाखवली. तिनं निरखून बघितलं. "सरळ आहे की."
"काय, चेन?"
"पट्टी."
बऱ्याच दिवसांनी दोघं हसलो. 

११ डिसेंबर
दिवाळी होऊन गेली. जागामालकांनी गुढीपाडव्यापर्यंत मुदत दिली. शेठचा निरोप दर आठवड्याला.
सकाळी थंडी. हि.ते. दोन बाटल्या केल्या सवयीनं. मागणारं कुणी नाही. दोघांनी गाडीत हवा भरून घेतली.

९ जानेवारी २०००
रामदास आला, एसटीनं. नवीन वर्षापासून टपालाची पिशवी जीपनं जाते. वाटायला त्याच्या जागी नवा माणूस, स्वतःच्या मोटरसायकलचा. रामदासची सायकल पडवीत टांगलेली.
मी चेन समोर ठेवली. पट्टी लावून दाखवली. त्याला समजलं, एवढी वर्षं सायकल चालवलेला माणूस तो. एकेक कडी वाकवून बघितली.
"मंग टिकलंच की मिस्त्री."
"टिकलं."
"आता घालू कशाला?"
चेन तेलात बुडवून, पुसून, फडक्यात बांधून दिली. उन्हाळी तेलात. फेब्रुवारीपासून धूळ सुरू होते.

२० फेब्रुवारी
शेठ स्वतः. बाटली दाखवायला आणली, रिकामी, पण कागद चिकटवलेला. पिवळा कागद, लाल अक्षरं: बारमाही. खाली माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, कुठं चूक नाही. खाली "घोडेगाव". आयुष्यात माझं नाव छापून आलेलं पहिल्यांदा बघितलं. बाटली बराच वेळ हातातच होती.
डोळ्यांसमोर आलं: जुलैत, तळेघरच्या चढावर, कुणीतरी माझ्या नावाचं तेल घातलेली चेन, करकर करत.
शेठ म्हणाले पाडव्यापर्यंत थांबतो. बाटली इथंच ठेवून गेले. फळीवर उ.ते., पा.ते., हि.ते. यांच्या शेजारी उभी आहे, रिकामी. सुमनला बाटली दिसली. शेठ काय म्हणाले ते तिला अजून सांगितलेलं नाही.
शेठचं म्हणणं असं: तेलाची कृती आणि बाटलीवरचं माझं नाव त्यांचं, गाळ्याचं भाडं ते भरणार, आणि मला रोख पंधरा हजार. मी तिथंच नको म्हणालो. पंधरा हजार.