कुबड्या घड्याळाचं साल

१२ जानेवारी १९९८, सोमवार

घड्याळ लेकीला द्यायचं ठरलं. पुढच्या महिन्यात ती नव्या घरी राहायला जाणार, तिच्याबरोबर तेही जाईल. तिने स्वतःहून मागितलं — "आजीचं घड्याळ मला दे ना." मी हो म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

सोबत एक चिठ्ठी ठेवायची आहे: हे तुझ्या आजीचं घड्याळ, अमुक साली बनलेलं. पण अमुक म्हणजे कुठलं? जन्म गेला ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करण्यात. पुराव्याशिवाय साल लिहायला हात धजत नाही. 'सुमारे' लिहायचं तरी त्याला काही आधार हवा.

आत्याला हे पटलेलं नाही. आई गेल्यापासून तिने मला सांभाळलं, आता मी तिला सांभाळते, म्हणजे फिटंफाट. खिडकीतल्या खुर्चीतून म्हणाली, "चालतंय ना? मग वय कशाला काढतेस त्याचं? माझं तरी कुणाला धड ठाऊक आहे?"

१३ जानेवारी, मंगळवार

ती आठवण एकदा नीट लिहून ठेवते. लेकीला हजारदा सांगितली आहे, कागदावर कधीच उतरवली नाही.

मी जमिनीवर बसले आहे. आई स्टुलावर उभी, पाठमोरी. एक टाच चपलेबाहेर आलेली. ती घड्याळाला किल्ली देते आहे — कर्र, कर्र — आणि ओठातल्या ओठात मोजते आहे. मग म्हणते, "गप्प हं, आता ते बोलेल." घड्याळ ठोके देतं. मी दचकून भोकाड पसरते आणि ती हसत खाली उतरून मला कडेवर घेते. तिच्या मानेला साबणाचा वास.

बस्स. आई गेली तेव्हा मी चौथ्या वर्षात होते. तिचं मला एवढंच आठवतं. चेहरा नाही त्यात. तो मी फोटोतून उचलून तिथे बसवला आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण टाच माझी, साबण माझा. ते कुठल्याही फोटोत नाही.

१७ जानेवारी, शनिवार

आज घड्याळ खाली उतरवून टेबलावर ठेवलं. टॉर्च, भिंग आणि ग्रंथालयातून आणलेलं जुन्या घड्याळांच्या चित्रांचं जाडजूड पुस्तक. थाट असा, की जणू माझंच ऑपरेशन आहे.

आमच्यात सगळे सांगतात, आईला हे तिच्या आजोबांनी दिलं. म्हणजे शंभरेक वर्षांचं तरी हवं. पण पुस्तकात त्या काळची घड्याळं ताठ उभी आहेत, खांब आणि नक्षी असलेली, रोमन आकड्यांची. आमचं बुटकं, रुंद, मधे कुबड आलेलं. आकडे साधे, ठसठशीत. आणि मागची झडप चक्क प्लायवुडची!

झडप कुणीतरी नंतर बदलली असेल. तबकडीही बदलली असेल.

ग्रंथालयात कुणी माझ्यासमोर असं 'असेल, असेल' केलं असतं तर मी त्याला उभं केलं नसतं.

२० जानेवारी, मंगळवार

घड्याळजी घरी येऊन गेले. गप्पिष्ट माणूस. घड्याळाकडे नुसतं पाहून म्हणाले, "बाई, हे तुमच्या पणजोबांच्या काळातलं नाही हो." मी म्हटलं, आधी उघडून तर बघा.

त्यांनी लंबक काढला, पितळी यंत्र बाहेर ओढलं. मागच्या पत्र्यावर कारखान्याचा छाप आणि त्याखाली बारीक आकडे. भिंगातून मीच वाचले: ३, थोडी जागा, ३८.

"महिना आणि साल," ते म्हणाले. "या कारखान्याची पद्धतच आहे ती. मार्च अडतीस."

आई छत्तीसमध्ये गेली.

चहा निवतोय, घ्या ना, असं मी त्यांना म्हटलं. त्यांचा चहा केव्हाच पिऊन झाला होता.

साफसफाईसाठी घड्याळ ते दुकानात घेऊन गेले. भिंतीजवळची ती जागा रिकामी दिसते. आत्याने तिकडे पाहिलं आणि खुर्ची खिडकीकडे वळवून घेतली.

२१ जानेवारी, बुधवार

जुनं यंत्र बिघडलं म्हणून नवं बसवलं असेल. तेवढंच 'असेल' आता शिल्लक आहे.

२४ जानेवारी, शनिवार

दुकानात गेले. यंत्र बदललेलं असू शकतं का, असं विचारलं. घड्याळजींनी रिकामी पेटी माझ्यापुढे धरली. "वेगळं यंत्र असतं तर त्याचे स्क्रू वेगळ्या जागी असते. ती भोकं बुजवली तरी दिसतात."

मी स्वतः बोट फिरवून पाहिलं. एकाच यंत्राची भोकं. तबकडीचेही खिळे एकदाच ठोकलेले. मागच्या झडपेच्या बिजागऱ्याही जिथल्या तिथे. पेटी आणि यंत्र पहिल्यापासून एकमेकांचीच आहेत. म्हणजे घड्याळ घरात आलं तेच मुळी आई गेल्यावर.

माझा चेहरा बघून घड्याळजी ओशाळले. "साठ वर्षं म्हणजे काही कमी नाहीत, बाई." मी मान हलवली.

घरी येईपर्यंत एकच डोक्यात. हे आईचं, असं मला सांगितलं कुणी? बाबांनी? घड्याळाचा विषय निघाला की ते पेपर उघडून बसायचे. कुणीच सांगितलं नव्हतं. लहानपणी मी म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. आजोबांचं शेपूटही बहुधा मीच जोडलं. जन्मभर दुसऱ्यांच्या नोंदी तपासल्या, आणि या एका नोंदीचा आधार कधी विचारला नाही. कारण ती माझी होती. आणि हवी होती.

आई आज दुसऱ्यांदा गेली. पहिल्यांदा कळायचं वय नव्हतं. आता सगळं कळतंय आणि फार दुखतंय. त्या आठवणीत अजून स्टूल आहे, किल्ली आहे, टाच आहे. आईच तेवढी नाही. बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

२५ जानेवारी, रविवार

लेकीचा फोन. "सापडलं का गं साल?" अजून नाही म्हणाले.

जेवताना आत्या माझ्याकडे बघत होती. "तोंड एवढंसं का झालंय?" सर्दी आहे म्हटलं. "मला ऐकू कमी येतं," ती म्हणाली, "कमी दिसत नाही."

२८ जानेवारी, बुधवार

आत्याला सगळं सांगून टाकलं. दोनदा सांगावं लागलं, पहिल्यांदा तिने ऐकू न आल्याचं सोंग केलं.

"तुझ्या बाबाने आणलं ते," ती म्हणाली. "वहिनी गेल्यावर. घर फार गप्प झालं होतं."

आणि किल्ली कोण द्यायचं?

"तो कुठला देतोय! मीच चढायचे स्टुलावर."

मग इतकी वर्षं मी तिच्यादेखत 'आई, आई' सांगत राहिले. एकदाही बोलली का नाही?

तिने हातातली रिकामी कपबशी खाली ठेवली.

"तुझ्याजवळ वहिनीचं दुसरं काही नव्हतं गं. मी काय, होतेच की."