माहेर निघालं धुळ्याला

यावल,
३० मार्च २०२६

श्रीमती विहीणबाई शेवंताबाई यांस,
प्रमिलाचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल आहोत, तिकडची खुशाली झिपरूभाऊंच्या हाती कळवावी. फोनवर बोललं की मुलं कान देऊन ऐकतात, विहिणींचं विहिणींतच राहायचं तर कागद बरा, असं तुम्ही साखरपुड्यातच बजावलं होतं. मास्तरीणबाईंचा हुकूम, म्हणून मी लिहिते. झिपरूभाऊ कंडक्टर, त्यांची धुळ्याची पाळी असली की टपालाच्या आधी पोचतं. अक्षराला हसू नका, सातवीनंतर हातात पेनापेक्षा विळाच जास्त राहिला.

कारण असं की दिपमालाची ही लग्नानंतरची पहिली आखाजी. ती लेकीने माहेरीच करायची, हे मी तुम्हाला काय सांगणार. कॅलेंडरात अक्षय्य तृतीया १९ एप्रिलला आहे. आणि १२ एप्रिलला, रविवारी दुपारी चारला, तुमच्याकडे तिच्या पांझरा क्लबचा फुटबॉलचा उपांत्य सामना आहे, जळगावच्या मेहरूण क्लबशी. लग्नाआधी ती त्याच मेहरूणकडून खेळायची. तेव्हा तिचे बाबा मोटरसायकलवर तिला मैदानोमैदानी न्यायचे आणि मी घरी गुरं सांभाळायची. पोरीला खेळताना मी एकदाही पाहिलेलं नाही.

म्हणून आम्ही क्रूझर गाडी ठरवली आहे. गल्लीतल्या बाया आणि हे, असे बारा जण येऊ, सामना पाहू आणि येताना लेकीला गाडीत घालून आणू. एका भाड्यात दोन कामं. रात्री सगळ्या घरी, सकाळी मजुरीला हजर. तर सूनबाईंना आठवडाभर आधी पाठवायची परवानगी असावी. गाडीवाल्याला विसार दिला आहे, तेव्हा नाही म्हणू नका.

जावईबापू प्रेमराजरावांना आशीर्वाद. लोभ आहे, तो उन्हाळ्यासारखा चढत राहो.
आपली,
प्रमिला

धुळे,
५ एप्रिल २०२६

सौ. प्रमिलाबाई यांस,
शेवंताचा सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं. तुमच्या अक्षराला मी दहापैकी सात गुण देते, तीन खाडाखोडीचे कापले. लेक न्यायला परवानगी कसली मागता? घेऊन जा, बदल्यात सांजोऱ्यांचा डबा पाठवा, असं मी लिहिणारच होते. पण मध्येच टीव्ही कडमडला.

झालं असं की या वर्षी सामने टीव्हीवर दाखवायचं ठरलं. एका वाहिनीने आपला सामना निवडला, पण त्यांना दुपार नको. त्यांच्याकडे संध्याकाळी साडेसातची जागा मोकळी आहे, आणि तीसुद्धा १९ तारखेची. म्हणजे ऐन आखाजीची. क्लबच्या व्यवस्थापकांनी हो म्हणून टाकलं. त्यांचंही सगळं चुकलं म्हणता येत नाही. टीव्हीचे पैसे आले म्हणून मुलींना नवे बूट मिळाले, नाहीतर आपली दिपमाला चांभाराने दोनदा शिवलेल्या बुटांत पळत होती.

पण पाहणाऱ्यांचं कोणी विचारलं नाही. बचावाला खेळणारी एक मुलगी नंदुरबारची आहे. तिच्या आईवडिलांनी १२ तारखेची रजा काढली होती. ती आता वाया गेली, आणि १९ला साहेब दुसरी देत नाहीत. सामना बघायला तिकीट नाही, फुकट आहे, असं व्यवस्थापक मला समजावत होते. मी त्यांना म्हटलं की बाबा रे, दार फुकट आहे, दारापर्यंत येणं फुकट नाही.

दिपमाला बातमी ऐकून नुसते बूट पुसत बसली. तुम्ही काय ठरवता ते लवकर कळवा. तुमच्या विसाराची मला काळजी लागली आहे.

माया पातळ होऊ देऊ नका.
आपली,
शेवंता

यावल,
८ एप्रिल २०२६

श्रीमती शेवंताबाई यांस,
प्रमिलाचा सा. न. वि. वि.

त्या टीव्हीवाल्यांच्या घरी पंचांग नसतं का हो? वर्षाचे इतके दिवस पडलेत, त्यांना माझ्या लेकीची पहिली आखाजीच सापडली.

सामना त्यांनी हलवला, खर्च मात्र आमचा हलला. गाडीवाला म्हणतो विसार परत मिळणार नाही, तुमच्यासाठी दुसरं गिऱ्हाईक सोडलं. बरं, तीच गाडी १९ला द्या म्हटलं तर तो हसायलाच लागला. आखाजीचा मुहूर्त, गावोगाव लग्नं, सगळ्या गाड्या वऱ्हाडात. एखादी मिळालीच तर दुपटीच्या वर सांगतात. राहिली एसटी. बायांना अर्धं तिकीट आहे, जाणं जमेल. पण सामना सुटणार रात्री साडेनऊला, मग परतीला गाडी कुठली? लॉजवर राहायचं तर तेवढ्या पैशांत आम्ही घोड्यावर बसून परत येऊ. आणि दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडेल ती वेगळीच.

तुम्ही म्हणाल, घर कशाला आहे. विहीणबाई, राग मानू नका. लेकीला मूलबाळ होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हे माझ्या आईने पाळलं, सासूबाईंनी पाळलं. आता कोणी पाळत नाही, मला ठाऊक आहे. पण माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही, त्याला मी काय करू?

हे तर खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले की बठ्ठं टीव्हीवर शे ना, मग जावानं काय काम. सगळं टीव्हीवर दिसतं म्हणून जायलाच नको म्हणे! त्या संध्याकाळी भाजीत मीठ जरा जास्तच पडलं.

तर आम्ही येत नाही. दिपमालाला सांगा, मन लावून खेळ, आखाजी पुढच्या वर्षी करू. पहिली आखाजी पुढच्या वर्षी येत नसते, हे मलाही कळतं. लिहिताना रडू आलं, खोटं कशाला सांगू.

आहे तो लोभ राहू द्या, एवढंच मागते.
आपली,
प्रमिला

धुळे,
११ एप्रिल २०२६

सौ. प्रमिलाबाई यांस,
शेवंताचा सप्रेम नमस्कार वि. वि.

नियम मोडून तुमचं पत्र मी सूनबाईला दाखवलं. ते वाचून तिने संध्याकाळी प्रशिक्षकांना सांगून टाकलं की मी १९ला खेळणार नाही, मी माहेरी चालले. पिशवीही भरली. प्रेमराज समजवायला गेला तर त्याला म्हणाली की सामने पुष्कळ होतील, पहिली आखाजी एकच. तो बिचारा माझ्याकडे आला. लहानपणी गणित सुटलं नाही की यायचा, तसाच चेहरा करून.

मी तीस वर्षं पोरांना शिकवलं, हे गणित सोडवता आलं नाही तर पेन्शन कशाला खाते? तर उत्तर असं. आखाजीच्या दिवशी सकाळपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हे घर माझं नाही, तुमचं. किल्ली पत्रासोबत पाठवली आहे. पीठ तुमचं, डाळ-गूळ तुमचा, हात तुमचे. पाण्याचं म्हणाल तर ते महापालिकेचं, त्यावर माझा हक्क नाही. मी आणि प्रेमराज शेजारी रत्नाच्या घरी मुक्कामाला जातो. मग दिपमाला सासरी कुठे राहिली? ती माहेरी आली, माहेर फक्त धुळ्यात भरलं. आखाजीचा झोका अंगणातल्या निंबाला प्रेमराज बांधेल. तिथून मैदान चालत जाण्यासारखं आहे.

शास्त्रात हे बसतं का, मला माहीत नाही. न बसल्यास शास्त्राला माझ्याकडे पाठवा, मी समजावून सांगते.

एक अट आहे. जेवायला आम्हा दोघांना रीतसर आवतण आलं पाहिजे. न बोलावता मी माझ्या स्वतःच्याही घरी येणार नाही.

सूनबाईला अजून काही सांगितलेलं नाही, पिशवी भरलेलीच आहे. तुमचा होकार आला की प्रशिक्षकांना मीच फोन करते.

विहिणींतलं गोड असंच टिकावं.
आपली,
शेवंता

यावल,
१४ एप्रिल २०२६

श्रीमती शेवंताबाई यांस,
प्रमिलाचा सा. न. वि. वि.

तुमच्यापुढे हात टेकले. किल्ली कमरेला लावून गल्लीभर मिरवून आले. आम्ही दहा बायका पहाटेच्या गाडीने निघतो. पुरण घरूनच शिजवून आणते, आंबे आणते, सांजोऱ्या आणते. पोळ्यांचं मातीचं खापर माझी जाऊ ज्योती मांडीवर घेऊन बसणार आहे. तिला मी बजावलं आहे की तू फुटलीस तरी चालेल, खापर फुटायला नको. मजुरीचं मुकादमाशी बोलले, सोमवारी आम्ही दुपारून लागू.

आवतणाचं म्हणाल तर हेच आवतण समजा. आखाजीला बारा वाजता मायलेकांनी आमच्याकडे जेवायला यावं. स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, पाहुण्यासारखं बसायचं.

हे मात्र येत नाहीत. शेतीची लाईट या आठवड्यात रात्रीची आहे, या उन्हात केळीला पाणी चुकवून चालत नाही. पितरांची घागरही भरायची. शिवाय पुरुषाला अर्धं तिकीट नाही, असं म्हणून स्वतःच हसले. टीव्हीचं रिचार्ज केलं आहे, गल्लीतल्या सगळ्यांना सामन्याचं बोलावणं दिलं आहे. ज्याने पोरीला सगळी मैदानं दाखवली तोच घरी राहणार, हे मला गोड लागत नाही.

बाकी भेटीत. भूक ठेवून यावं, लोभ आम्ही वाढू.
आपली,
प्रमिला

धुळे,
२० एप्रिल २०२६

ती. भटूभाऊ यांस,
शेवंताचा सविनय नमस्कार वि. वि.

हे पत्र तुमच्याच मंडळींच्या, प्रमिलाबाईंच्या हाती देते आहे. काल रात्री तुमचा प्रेमराजला फोन आला की टीव्हीवर आधीचा क्रिकेटचा सामना लांबला आणि आपला दाखवलाच नाही. त्यासाठी एवढा उपद्व्याप केला, आणि शेवटी हे. मला फार वाईट वाटलं. म्हणून जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहिते. प्रमिलाबाई सांगतीलच, पण त्यांचा घसा चार दिवस तरी उघडायचा नाही.

सकाळी घर ताब्यात देऊन मी रत्नाकडे गेले. बाराला तुमच्या मंडळींनी दारात पायावर पाणी घालून मला आत घेतलं. चाळीस वर्षांत माझ्याच घरात कोणी मला पाटावर बसवून वाढलं नव्हतं. प्रेमराजने सहा पोळ्या खाल्ल्या. दिपमालाने सामना आहे म्हणून एकच खाल्ली, पण झोक्यावरून उतरायला तयार नव्हती. आईने खालून झोका द्यायचा आणि हिने वर जाऊन ओरडायचं. मी लांबूनच बघत बसले, मध्ये गेले नाही.

मैदानावर तुमच्या बायका गोलामागेच जाऊन बसल्या. आखाजीला वेशीवर दोन गावच्या बाया गाण्यातून एकमेकींना शिव्या देतात ना, तसं त्यांनी मेहरूणच्या गोलरक्षक मुलीला धरलं. तिच्या सात पिढ्यांचा गाण्यातून उद्धार. खरं तर जळगाव जिल्हा तुमचाच, पण लाज कोणाला? ती पोरगी हसत सुटली, पंच हसले. पण घोटाळा असा की दिपमालालाही हसू आवरेना, आणि समोर मोकळा गोल असताना तिने चेंडू बाहेर घातला. प्रमिलाबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या की आपणच पोरीला बुडवलं. मग दहाही जणी तोंडात पदर धरून गप्प बसल्या. मेहरूणने तेवढ्यात गोल केला.

मध्यंतरानंतर नंदुरबारच्या मुलीने बरोबरी केली. तिचे आईवडील तिथे नव्हते, म्हणून ती गोल करून धावत आली ती थेट तुमच्या मंडळींकडे. दहा जणींनी तिला कुरवाळलं. शेवटाला कोपऱ्यातून चेंडू उंच आला. दिपमालाने उडी घेतली आणि डोक्याने तो जाळ्यात घातला. भाऊ, त्यानंतर मैदानभर गोंधळ होता. प्रमिलाबाई उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. मग मला म्हणाल्या की ही रोज अशीच खेळायची का, आणि मी गोठ्यात होते. मी म्हटलं, रोज नाही, आज तुम्ही होतात.

कॅमेरावाला तुमच्या बायकांवरून कॅमेरा हलवत नव्हता. ते कोणी पाहिलंच नाही, याचं ज्योतीला सर्वांत जास्त दुःख आहे.

आपला लोभ आम्हा दुबळ्या पाहुण्यांवर असावा.
आपली,
शेवंता

यावल,
२३ एप्रिल २०२६

श्रीमती विहीणबाईंस,
भटूचा रामराम वि. वि.

मी पत्र लिहीत नाही, हे पहिलंच आहे, चूकभूल माफ. केळीला पाणी झालं, तब्येत बरी आहे.

त्या दिवशी गल्लीतले बठ्ठे लोक अंगणात बसलेले. साडेसात वाजले, आठ वाजले, क्रिकेट संपेना. माणसं एकेक करून उठून गेली. मी बसून राहिलो. शेवटी खाली पट्टीत एक ओळ सरकून गेली, पांझरा दोन, मेहरूण एक. गोल कोणी मारला ते त्यात नव्हतं. मला वाटलं तिनेच मारला असेल, पण कोणाला सांगणार. मग शेतीची लाईट आली, मोटार चालू करायला निघून गेलो, तिथूनच प्रेमराजरावांना फोन लावला तेव्हा खरं कळलं.

तुमचं पत्र मी गल्लीत मोठ्याने वाचून दाखवलं. उडी घेतली तिथे लोकांनी थांबवलं, परत वाच म्हणाले. तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा माझ्याने वाचवेना, मग ज्योतीने वाचलं.

प्रमिला म्हणते, अंतिम सामना ३ मेला धुळ्यालाच आहे, आणि तोही टीव्हीवाल्यांच्या हाती आहे. म्हणजे तारीख पुढे-मागे होणार, हे आता मलाही समजतं. होऊ द्या. पाण्यावर माणूस लावला आहे, त्याची मजुरी देतो, तिकीटही पूर्ण काढतो. मी माझा शिधा घेऊन १ तारखेलाच येतो आणि सामना होईपर्यंत धुळं सोडत नाही, मग तो त्यांनी बैलपोळ्यापर्यंत का नेईना.

दिपमालाला सांगा, गोलामागे बाया बसतील, मी मधल्या रेषेजवळ उभा राहीन. तिथून मी तिला सगळीकडून दिसतो.

लोभ असावा, आणि एक खाट रिकामी असावी.
आपला,
भटू