ताईच्या डब्याची वीज

३ मार्च, मंगळवार

ठरलं! ताईला घालवायचं.

भांडून नाही. भांडणात ती मी चार वर्षांचा असल्यापासून जिंकत आलीय. वीज देऊन घालवायचं.

मेव्हणे गेले, तिनं घर विकलं आणि हा डबा घेतला. डबा म्हणजे राहायची गाडी — आत पलंग, शेगडी, बेसिन, आणि बसलं की गुडघे दाराला टेकतील एवढा संडास. (तिच्यासमोर डबा म्हणायचं नाही. मोटारघर!) देश बघायला म्हणून निघाली आणि वाटेत आमच्याकडे आठ दिवस थांबली. त्याला चौदा महिने झाले. डबा आमच्या अंगणात, डब्याची वायर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आमच्या प्लगमध्ये. म्हणून खिडकी लागत नाही. म्हणून शेजारचं मांजर आत येतं. म्हणून दुधावर झाकण आणि झाकणावर इस्त्री.

आज तिनं किटली लावली आणि अख्ख्या घराची वीज गेली. मी अंघोळीत. अंगभर साबण!

छत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या मी. अधांतरी लटकलेली माणसं सुखरूप जमिनीवर आणली. एका बहिणीला मार्गी लावता येणार नाही?

संध्याकाळी तिला म्हटलं, "तुझी बॅटरी, सोलर, सगळं नवं करून देतो. मग कुठंही जा, कुणाच्या प्लगची गरज नाही."

"तुला काय झालं एकदम?"

"प्रेम."

चष्म्यावरून बघत राहिली. बराच वेळ.

५ मार्च, गुरुवार

जुनी बॅटरी तपासली. मेलेली आहे. छपरावर एकच पॅनेल, त्यावर पक्ष्यांची कृपा.

मग ताईला विचारलं, दिवसभरात काय काय चालवतेस? हिशेब करायचा — किती खर्च, तेवढी साठवण. तिनं यादी दिली. फ्रिज, पंखा, दिवे, पाण्याचा पंप, लॅपटॉप, किटली, आणि प्रिंटर! चाळीस वर्षं मुद्रितशोधक होती, अजून घरबसल्या करते. पडद्यावर चुका दिसत नाहीत म्हणे. कागद हवा, लाल पेन हवं.

"किटलीऐवजी गॅसवर चहा करत जा," मी म्हटलं.

"तू लिफ्टऐवजी जिन्यानं जायचास का?"

किटली यादीत राहिली.

८ मार्च, रविवार

बॅटरीवाल्याकडे दीड तास. दोन लिथियम बॅटऱ्या, तीन पॅनेल, बॅटरीची वीज घरच्यासारखी करणारा इन्व्हर्टर. माणूस मोजकं बोलतो आणि त्यातही टोमणा.

"बारा व्होल्टचं काम केलंय?"

"छत्तीस वर्षं लिफ्टचं केलंय."

"लिफ्ट वेगळी."

वेगळी काय वेगळी! वीज ती वीज. मग त्यानं अंगठ्याएवढी जाड वायर काढली. व्होल्ट कमी म्हणजे करंट जास्त, वायर जाडच लागते, वगैरे. माझ्या माळ्यावर लिफ्टच्या वायरचं अख्खं वेटोळं पडलंय. म्हटलं, वायर आहे घरी. तो "बघा बुवा" म्हणाला. असलं "बघा बुवा" मला अजिबात आवडत नाही.

१२ मार्च, गुरुवार

छपरावर चढलो. खाली ही, म्हणजे बायको, शिडी धरून. ही चष्म्याच्या दुकानात असते, आज सुट्टी काढली. नवऱ्यासाठी नव्हे, "वन्संचं काम आहे" म्हणून.

तिन्ही पॅनेल बसली! खाली दोघी खुर्च्या टाकून चहा पीत होत्या. ताई वर बघून म्हणाली, "डावीकडचं वाकडं आहे." खाली उतरून पाहिलं. होतं वाकडं. परत चढलो.

रात्री कंबर म्हणाली, वय एकसष्ट.

१३ मार्च, शुक्रवार

प्रत्येक वायरला चिठ्ठी लावली, म्हणजे ताई कुठं एकटी अडकली तर फोनवरून सांगता येईल. जेवून परत गेलो तर माझ्या सगळ्या चिठ्ठ्यांवर लाल पेन! 'सुर्य' खोडून 'सूर्य'. 'इनवर्टर' खोडून 'इन्व्हर्टर'. कडेला लिहिलंय — "निदान सूर्याला तरी दीर्घ ठेव, ठोंब्या."

ठोंब्या हे माझं लहानपणचं नाव. ते फक्त तिला ठाऊक होतं. आता हिलाही ठाऊक झालंय. दिवसभर फिदीफिदी चाललंय दोघींचं.

उरकून टाकावं एकदाचं. एक तारखेला अंगण मोकळं!

१५ मार्च, रविवार

लिहायला मन धजत नाही.

दुपारी सगळं जोडलं. बटण दाबलं, दिवे लागले, पंखा फिरला. मी टाळी वाजवली. ताई म्हणाली, "किटली लावून बघते." मी बाहेर हत्यारं गोळा करत होतो. दोन मिनिटं झाली असतील. आधी वास आला. तो वास मी झोपेतही ओळखीन.

आत पळालो. पलंगाखालच्या खणातून धूर. ताई किटलीसमोर उभी, तिला काही कळलेलं नाही. तिला ढकललंच मी बाहेर. मग मुख्य स्विच पाडला. वायरचं टोक काळं झालं होतं, वरचं प्लास्टिक गळत होतं. माझीच वायर. माळ्यावरची. फ्यूज मी एवढा मोठा घातला होता की वायर जळून गेली असती तरी तो उडाला नसता. शिकाऊ पोरानं असं केलं असतं तर मी त्याला महिनाभर लिफ्टच्या खड्ड्यात केर काढायला लावला असता.

आणि वर पलंग. रात्री ती त्यावर झोपते.

हिनं पाणी दिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१६ मार्च, सोमवार

सकाळी डब्याच्या पायरीवर जाऊन बसलो. ताई आत कागद तपासत होती. वर न बघता म्हणाली, "मला घालवायचंय ना तुला?"

मी पायरीवरची धूळ झटकली.

"पहिल्या दिवशीच कळलं मला. प्रेम म्हणे! ठोंब्या, घालवायचंच आहे ना, मग नीट घालव. अर्ध्या वाटेत पेटले तर परत तुझ्याच दारात येईन."

मला हसूही आलं आणि रडूही. रडलो नाही, नाक पुसलं.

मग विचारलं, चौदा महिने गेली का नाहीस? तर पेन खाली ठेवलं तिनं. इथे यायच्या आधी एकदा ओसाड रस्त्यावर थांबली होती. सकाळी बॅटरी संपलेली, फोन संपलेला, गाडी सुरू होईना. दिवसभर एक माणूस दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी एक ट्रक आला. "पाणी होतं, खायला होतं. काही झालं नाही," ती म्हणाली. "पण तेव्हापासून रात्री बॅटरीचा आकडा बघितल्याशिवाय झोप येत नाही. तुझ्या प्लगला आकडा बघावा लागत नाही."

मला कधी सांगितलं नाही. मी कधी विचारलं नाही.

म्हटलं, "सगळं उपसतो आणि परत करतो."

"घाई न करता?"

"घाई न करता."

१७ मार्च, मंगळवार

बॅटरीवाल्याकडे गेलो. जळकं टोक त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि जाड वायर कापायला घेतली. एक शब्द बोलला नाही. थोर माणूस.

२१ मार्च, शनिवार

चार दिवस डब्यात पालथा. प्रत्येक वायर मापून, प्रत्येक फ्यूज वायरच्या मापाचा, बॅटरीपासून वीतभर अंतरावर. प्रत्येक टोक दाबून, ओढून, परत दाबून. ताई बाजूला टॉर्च धरून बसायची. शेवटी पाना तिच्या हातात दिला. आवळता येतंय तिला! आणि चुका काढता येतातच — ऋण टोकाचा एक नट मी विसरलो होतो, तिनं बोट ठेवलं.

दुपारी पुसायला म्हणून मेव्हण्यांचा जुना शर्ट दिला तिनं. मग म्हणाली, "नको, हा नको," आणि दुसरं फडकं आणलं. शर्टाची घडी घालून ठेवली. मग मला म्हणाली, "ते असते तर तुला पलंगाखाली घुसू दिलं नसतं. स्वतः घुसले असते आणि अडकले असते." आम्ही दोघं इतकं हसलो की ही धावत आली.

किटली तीनदा उकळवली. मी वायरवर हात ठेवून बसलो होतो. गार!

२२ मार्च, रविवार

खिडकीतली वायर काढली. परीक्षा सुरू. तीन दिवस स्वतःच्या विजेवर. पास झाली की ताई निघणार.

खिडकी लागली. मांजर बाहेरून बघत बसलंय.

२३ मार्च, सोमवार

बॅटरीचा आकडा मोबाईलवर दिसतो, डबा जवळ असला की. सकाळी ९१ टक्के. सहा वाजून दहा मिनिटांनी झर्रकन उतरला — ताईचा चहा. साडेआठला थोडा — प्रिंटर. अकराला चढायला लागला.

ही म्हणाली, "नोकरीत असताना एवढं लक्ष नव्हतं तुमचं."

२४ मार्च, मंगळवार

दिवसभर ढग. तरी रात्री ७४. यंत्रणा चोख आहे! उद्या पास होणार.

का कोण जाणे, जेवण गेलं नाही.

२५ मार्च, बुधवार

आज जे केलं ते कुठेच लिहू नये. पण ही वही माझी आहे.

पहाटे छपरावर चढलो आणि पॅनेलचा एक जोड सैल केला. अगदी थोडा. वीज निम्मी येईल, आकडा पडेल, परीक्षा नापास. मग म्हणायचं, अरेच्चा, अजून आठवडाभर काम आहे!

शिडी जागेवर ठेवली. दाढी केली. निरागस चेहऱ्यानं चहा प्यायलो.

दुपारी आकडा पडला नाही. चढतच होता! परत वर गेलो. जोड घट्ट. वायरला नवी चिठ्ठी, लाल अक्षरांत — "सैल कुणी केलं ते विचारत नाही. पुन्हा केलंस तर तुझ्या बायकोला सांगेन."

सहासष्ट वर्षांची बाई! छपरावर!

उतरलो तेव्हा ती पायरीवर होती. म्हणाली, "पास ना?"

"पास," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

२९ मार्च, रविवार

निघाली. सकाळी आठला. हिच्या गळ्यात पडली, माझ्या डोक्यात टपली मारली. मी सुटे फ्यूज, पाना, टेस्टर, सगळं डब्यात भरून दिलं होतं. वळणावर हॉर्न वाजवला दोनदा. फाटकात मोबाईल घेऊन उभा होतो. ९८, ९८, आणि मग "जोडलेले नाही".

अंगण मोकळं. एक तारखेच्या आधीच.

ही दुकानात गेली. अंगण झाडलं. दुपारी परत झाडलं.

२ एप्रिल, गुरुवार

काही नाही.

६ एप्रिल, सोमवार

ताईचा फोन. तळ्याकाठी आहे. आसपास अशाच राहायच्या गाड्या, लोक छान आहेत, शेजारणीला किटली वापरायला दिली. आकडा किती विचारलं, तर म्हणाली, "काल बघितलाच नाही. झोप लागली."

फोन ठेवल्यावर मीच जरा आडवा झालो. तीन तास!

१४ एप्रिल, मंगळवार

सकाळी फाटकाशी हॉर्न. अनोळखी डबा, आत म्हातारा-म्हातारी. "लिफ्टवाले तुम्हीच ना? तुमच्या बहिणीनं पाठवलं. आमचा दिवा मिणमिणतो." मी काही बोलणार तोवर मागे दुसरा डबा वळला. त्याच्या मागे तिसरा. ही खिडकीतून ओरडली, "अहो, बघत काय उभे राहिलात? त्यांना आत तरी घ्या!" तिन्ही अंगणात घेतले. पहिल्याच्या पलंगाखाली आत्ताच घुसून आलो. ज्या कुणी ती वायर टाकलीय त्याला दिवसभर लिफ्टमध्ये कोंडून ठेवायला हवं.