पाचवी पायरी

३ फेब्रुवारी
सुप्यात आले एकदाची! एमआयडीसीतल्या कंपनीत एचआर म्हणून पहिला दिवस. निघताना आईने शंभर सूचना दिल्या आणि डबाभर बेसनलाडू. नवं शेड उभं राहिलंय. साहेबांनी पहिल्याच चहाला सांगून टाकलं की, पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेस मशीनवर बारा नवी माणसं भरायची आणि शिकवून तयारही करायची. म्हटलं, होऊन जाऊ दे. माझ्या खिडकीतून डोंगरावरच्या पवनचक्क्या दिसतात.

७ फेब्रुवारी
अकरा मुलं पक्की झाली, ती एक मार्चला येतील. बारावी निकिता. राळेगणच्या पुढच्या वाडीतली, आयटीआय झालेली, चुणचुणीत. ती सोमवारीच येणार. तिची आई आक्काबाई पोरीला कारखान्यात धाडायला तयारच नव्हती. दोन तास बसले, तीन कप चहा रिचवला, शेवटी शब्द दिला की तिच्या केसालाही धक्का लागू देणार नाही. तेव्हा कुठे बाई म्हणाल्या, "तुमच्या भरवशावर धाडते बरं का, ताई."

१० फेब्रुवारी
ऑडिटर यायचेत. त्यांना प्रत्येकाचा प्रशिक्षणाचा तक्ता हवा: शिकणारा, शिकवणारा, पाच पायऱ्या, प्रत्येक पायरीपुढे सही. शिकवणारा माणूसच अजून मिळालेला नाही! मग जुन्या फाइलीतला तक्ता काढला, निकिताचं नाव घातलं आणि छापला. शिकवणाऱ्याच्या रकान्यात कुणी सहादेव मिस्त्री होते, ते तसेच ठेवले. कागदाला काय कळतंय?

१४ फेब्रुवारी
निकिताने चार दिवसांत तीन पायऱ्या पुऱ्या केल्या. तीन आठवड्यांचं काम! तक्त्यावर सह्याही आहेत. मला वाटलं, सुपरवायझर मच्छिंद्रनानांनीच शिकवलं. आभार मानायला गेले, तर ते म्हणाले की आपण तिकडे फिरकलोही नाही. तक्ता बघून त्यांनी शिकवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवलं. "ह्यो सहादेव दोन सालामागं गेला की, म्याडम." प्रेसमध्ये उजवा हात गेला, दवाखान्यात पोचेपर्यंत माणूसही गेला.
कुणीतरी माझी थट्टा करतंय.

१७ फेब्रुवारी
निकिता उजवा हात पोटाशी धरते. सगळं काम डाव्याने. विचारलं तर म्हणाली, मिस्त्रींनी असंच दाखवलंय, हे काय शेजारीच उभे आहेत.
शेजारी कुणीही नव्हतं.
नानांना खोदून विचारलं. पाचवी पायरी म्हणजे हात कुठे घालायचा नाही ते शिकवणं. सहादेव तेच दाखवत होता आणि प्रेस खाली आली. ती सही राहिली ती राहिलीच.
तक्ता फाडला. निकिताला घरी पाठवलं. मला फार भीती वाटतेय.

१८ फेब्रुवारी
तक्ता फाइलीत आहे. अखंड. चौथी सही झालेली.
आक्काबाईंचा फोन. पोर आईला ओळखत नाही, कामाची वेळ झाली म्हणून उंबऱ्यात उभी आहे. "काय केलंत वो माझ्या पोरीचं?" मी काय केलं ते मला ठाऊक आहे. आळस केला.

१९ फेब्रुवारी
निकिता आलीच. तिचा हात प्रेसखाली — मी ओरडले, ऐकेना — फाइल हातात होती. सहादेवचं नाव खोडलं, शिकवणारी म्हणून माझं लिहिलं: मनवा. ती दचकली, हात ओढला, प्रेस खाली आली.
तिला आईच्या हवाली करून आले. शब्द पाळला. आता सहादेव कुणाच्या शेजारी —

२४ फेब्रुवारी
उजवा हात उचलवत नाही. डाव्याने लिहितेय. अक्षर माझं नाही.

२८ फेब्रुवारी
अकरा तक्ते छापलेले टेबलावर. मी छापले नाहीत. शिकवणारी: मनवा. चार-चार सह्या आधीच. नावं खोडते, पुन्हा उमटतात —
उद्या पोरांना गेटवरूनच परत धाडायचं. काहीही करून.

१ मार्च
पळा म्हणायला गेले. तोंडातून आलं, "या, लई सोपं हाय."
वही प्रेसपाशीच घेतलीय. अकरा जण समोर, बघत्यात. पाचवी तेवढी राहिली. दाखवल्याबिगर कसं कळंल —
आक्काबाई, निकिताला धाडू नका — आई —
डाव्यानं लिवतोय. उजवा हात