वरातीच्या गाडीची गॅरंटी

बाबा,

मी रागावूनच लिहायला बसलोय, तेव्हा ख्यालीखुशाली राहू दे. इथे मस्कतला मी पाण्याचा टँकर चालवतो. डोंगरात रस्त्याचं काम चाललंय, तिकडच्या कँपला पाणी नेतो. परवा चढावर टँकरची क्लचप्लेट जळाली. फोरमनने गाडीखाली वाकूनसुद्धा बघितलं नाही. कागदावर ‘ड्रायव्हरची चूक’ असं लिहिलं आणि पेन माझ्यापुढे धरलं. मी सही केली आणि जेवायला गेलो. इथे सगळे असंच करतात. प्लेट जुनी होती, चढ उभा होता, पाणी जास्त भरलं होतं, हे त्यालाही ठाऊक आणि मलाही. सही केली नाही म्हणून नवी प्लेट थोडीच येणार होती. पण ताटावर बसलो आणि ताट तसंच बाजूला सरकवलं. राग आला तो फोरमनचा नाही आला, तुमचा आला. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली, आणि एवढ्याशा सहीपायी मी तुमच्याशी भांडतोय.

तुम्ही गिरणीतून हिशेब घेतलात तेव्हा घरात प्रत्येकाचं एक मत होतं. आई म्हणत होती गावचं घर शाकारून घ्या. मामा म्हणत होता पिठाची चक्की टाका, मरेपर्यंत चालते. तुम्ही दोघांचं नीट ऐकून घेतलंत, मान हलवलीत, आणि घाटकोपरच्या शेठकडून लाल रंगाची, दोन दरवाजांची स्पोर्ट्‌स कार घेऊन आलात. कुणा जहाजावरच्या साहेबाने परदेशातून आणलेली, तीन मालक करून झालेली. वाकोल्याच्या आपल्या चाळीपुढे ती उभी राहिली तेव्हा तिचं छप्पर माणसाच्या कमरेला लागत होतं. आई दारात आली, बघितलं, आणि परत आत जाऊन कांदा चिरायला लागली. तुम्हाला गाडी चालवता येत नव्हती. लायसन्स माझ्याकडे होतं, नवंकोरं, आणि सातवी नापास मुलाच्या खिशात तेवढा एकच कागद होता ज्यावर सरकारने पास म्हटलं होतं.

तुमचा विचार काय होता तो मला आजही पटतो, हेच तर दुखणं आहे. गाडी लग्नांना भाड्याने द्यायची, वरातीसाठी. तुम्ही म्हणायचात, वरात म्हणजे नवरा-नवरी दिसली पाहिजेत. लोक त्यांना डब्यासारख्या बंद गाडीत कोंबतात, रस्त्यावरच्या माणसाला दिसतो फक्त नवरीचा गजरा. ह्या गाडीचं कापडी हूड उघडायचं, जोडप्याला मागे वर बसवायचं, पाय सीटवर, पुढे बेंजो पार्टी, बाजूला गॅसबत्त्या. पहिल्या वरातीला सांताक्रूझला लोक गॅलऱ्यांतून वाकून बघत होते. तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गाडीच्या पुढे चालताय, मागे वळून हाताने मला खूण करताय, ये, ये, थांब. गिरणीत तुम्हाला कधी कुणी असं बघितलं असेल असं वाटत नाही.

आणि मी आत बसून जळतोय. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराच्या हातात अशी गाडी द्यायची आणि सांगायचं, माणूस चालतो त्याच्यापेक्षा हळू घे. बेंजोवाले अडले की मी अडायचं, नवऱ्याच्या दोस्तांना नाचाचा जोर चढला की तिथेच उभं राहायचं. पहिला गिअर, क्लच अर्धा, पुन्हा दाब, पुन्हा सोड. पायाला गोळे यायचे. वरात नसेल त्या दिवशी हायवेला एक चक्कर मारू का म्हणून विचारलं, तर तुम्ही म्हणालात, “कामाची वस्तू हा ती, खेळूक नाय.” चावी तुमच्या शर्टाच्या खिशात. मी तुमचं ऐकलं, बाबा. खरोखर ऐकलं. एकदाही पळवली नाही. हे इथे मुद्दाम लिहितोय, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

मानखुर्दच्या लग्नात गाडी पहिल्यांदा बसली. देवळाच्या वळणावर बॉनेटमधून वाफ आली, क्लचचा वास सुटला, आणि गाडी जागची हलेना. नवरी घाबरून शालू गोळा करत खाली उतरली. तिच्या सासरच्या घरातून कुणीतरी ओवाळायला ठेवलेल्या तांब्यातलं पाणी आणून रेडिएटरमध्ये ओतलं. मग नाचणाऱ्यांनीच गाडी ढकलली, आणि बेंजोवाल्यांनी वाजवणं काही थांबवलं नाही. नवऱ्याचा एक दोस्त म्हणाला, “काका, वरातीचं भाडं घेतलंत की ढकलायचं?” सगळे हसले. तुम्हीही हसलात, पण नवऱ्याच्या बापापुढे हात जोडून उभे राहिलात ते गाडी घरापर्यंत पोचेस्तोवर तसेच.

गॅरंटी होती ना, म्हणून तुम्हाला काळजी नव्हती. शेठने लिहून दिली होती. सहा महिन्यांत इंजिन, गिअरबॉक्स, क्लच यांत दोष निघाला तर दुरुस्ती फुकट, ड्रायव्हरची चूक सोडून. तुम्ही तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवला होतात. मग सुरू झालं घाटकोपरला जाणं. गिरणीची पाळी असल्यासारखे तुम्ही सकाळी जायचात, छत्री आणि डबा घेऊन. शेठच्या शेडमध्ये एक बाकडं होतं, त्याच्यावर आपण दोघं. शेठ कधी वाईट बोलला नाही, तीच तर त्याची करामत. काका बसा, काका चहा घ्या, काका पार्ट बाहेरून येतोय. चहा पाजून पाजून मारलं त्याने आपल्याला. गाडी दुरुस्त व्हायची, आपण आणायचो, पुढच्या वरातीला अर्ध्या वाटेत उकळायची, पुन्हा टो करून घाटकोपर. लग्नसराई डोळ्यांसमोर चालली होती. ज्यांची बुकिंग होती ते घरी येऊन विचारायचे, आणि आई त्यांना पोहे द्यायची, कारण दुसरं काय देणार.

तिसऱ्या वेळी शेठच्या मिस्त्रीने गाडी सुसाट मुलुंड चेकनाक्यापर्यंत नेली आणि आणली. उतरून म्हणाला, मक्खन जाते. आणि शेठने कागदावर लिहिलं, गाडीत दोष नाही, ड्रायव्हरची चूक. मला म्हणाला, पोरा, क्लचवर पाय ठेवून झोपतोस काय? माझं डोकंच फिरलं. मी त्याला काय काय बोललो ते लिहीत नाही. तुम्ही बाकड्यावरून उठलात आणि सगळ्यांसमोर मला म्हणालात, “गप. बाहेर जा.” मी बाहेर गेलो नाही, दारात उभा राहिलो. तुम्ही कागद घेतलात, बोट ठेवून ठेवून वाचलात. मग शेठला विचारलंत, “ह्यात ड्रायव्हर म्हणजे हा माझा मुलगाच ना?” शेठ म्हणाला, काका, मनाला लावून घेऊ नका, लिहायची पद्धत असते. तुम्ही म्हणालात, “मग आज तुमच्या मिस्त्रीला बसवा. मी पुढे चालतो.”

शेठला वाटलं तुम्ही मस्करी करताय. पण तुम्ही छत्री बगलेत मारून शेडच्या बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिलात आणि हात वर केलात. भर दुपारी. मिस्त्री हसत हसत गाडीत बसला. आणि तुम्ही चालायला लागलात, वरातीत चालता तसे. दोन पावलं टाकायची आणि थांबायचं. वळून बघायचं, ये, ये, थांब. पुढे बेंजो नाही, मागे नवरा-नवरी नाहीत, आणि मध्ये तुम्ही, ठरलेल्या जागी अडताय, जणू तिथे कुणी नाचतंय. दुकानदार बाहेर आले. एका वाण्याने विचारलं, काका, कुणाची वरात? तुम्ही न थांबता सांगितलंत, “गाडीची.” मी फुटपाथवरून बरोबर चाललोय आणि मला वाटतंय की जमीन फाटावी. मला तेव्हा फक्त हे संपायला हवं होतं.

मिस्त्रीचं हसू पहिल्या वळणाला गेलं. दुसऱ्या वळणाला त्याने शर्टाची बटणं उघडली. शेडकडे परत येता येता वास सुटला, वाफ आली, आणि गाडी रसवंतीच्या गाड्यापुढे बसली. मिस्त्री उतरला, बॉनेटला हात लावून झटकन मागे घेतला, आणि शेठला म्हणाला, “इसमें लडके का कुछ नहीं है, शेठ.” त्या माणसाचं मला आजही कौतुक वाटतं.

आता खरं भांडण इथे आहे, बाबा. तुम्ही जिंकला होतात. शेठलाही कळलं होतं. त्याने चहा मागवला, तुम्हाला खुर्ची दिली, आणि पहिल्यांदा सरळ बोलला. “काका, ही गाडी पळायला बनवलीय. तुम्ही तिला चालायला लावता. ती काळी मोठी गाडी बघा, बैलासारखी आहे, दिवसभर वरातीत फिरवा. ही ठेवा इथे, ती घेऊन जा. वर काही देऊ नका.” मी ती काळी गाडी बघितली. जुनी होती, पण टायर चांगले होते. त्या आठवड्यात सांताक्रूझचं मोठं लग्न होतं, सराईतलं शेवटचं. मी मनात तिला हार घालूनसुद्धा टाकला.

तुम्ही चहा खाली ठेवलात आणि म्हणालात, “नेतो. आधी ती ओळ खोडा.”

शेठ म्हणाला, ओळ खोडली तर दोष गाडीत होता असं होतं, मग दुरुस्ती कायमची माझ्या गळ्यात, उद्या दुसरी गिऱ्हाइकं पण येतील. गाडी बदलून देतोय ना, ओळीचं काय घेऊन बसलात? त्याचंही त्याच्या जागी बरोबर होतं. तुम्ही पुन्हा तेच म्हणालात. तो पुन्हा तेच म्हणाला. मी तुमचा शर्ट ओढला, बाबा चला, घ्या ना. तुम्ही कागद घडी करून पिशवीत घातलात, शेठला नमस्कार केलात, आणि लाल गाडी टो करायला सांगितलीत.

बसस्टॉपवर मी तुम्हाला नाही नाही ते बोललो. वेडे आहात म्हणालो. घर बुडवलंत म्हणालो. तुम्ही रस्त्याकडे बघत होतात. बस दिसली तेव्हा म्हणालात, “गाडी आज हा, उद्या नाय. पण तुझ्या नावार चूक लिवलेली, ती मी घराक कशी नेव?”

माझ्या नावाला कोण विचारत होतं, बाबा? शाळेने सात वर्षं माझ्या नावावर चुकाच लिहिल्या होत्या, त्यात एक आणखी. मला माझं नाव स्वच्छ नको होतं, मला ती काळी गाडी हवी होती. सांताक्रूझच्या लोकांकडे तुम्ही स्वतः जाऊन सांगून आलात की गाडी येणार नाही. मग अंधेरीला एका सोसायटीत वॉचमन झालात. लाल गाडी चाळीपुढे ताडपत्रीखाली, तिच्या बॉनेटवर बायका पापड वाळत घालायच्या. तुम्ही ड्युटीवरून यायचात, ताडपत्रीची दोरी घट्ट करायचात, आणि आत यायचात. पुढच्याच वर्षी गेलात. आई म्हणते दम्याने. मी त्या शेठच्या बाकड्याचं नाव घेतो.

आणि परवा मी त्याच ओळीखाली सही केली, पटकन, न भांडता. म्हणून तुमचा राग आला. तुम्ही नसतात तर मला ती सही फक्त सही वाटली असती. तुम्ही ती काळी गाडी सोडून माझ्यासाठी एवढं महाग काहीतरी घेऊन ठेवलंत आणि मला विचारलं नाहीत. ते वापरायचं कुठे ते सांगितलं नाहीत. तीन मालक बदलले मी इथे, कुठेच टिकत नाही, आणि जिथे जातो तिथे हे बरोबर असतं, माझ्या मापाचं नसलेलं.

हे पत्र घरी पाठवता येणार नाही. आईला पत्रं शेजारची मुलगी वाचून दाखवते, मोठ्याने, आणि अर्धी चाळ ऐकायला बसते. चाळीत सगळ्यांना ठाऊक आहे की शेठने आपल्याला खराब गाडी देऊन फसवलं. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगते, मीही मान हलवतो. तेवढ्यासाठी तरी हे इथेच राहू दे.

तुम्ही गेल्यावर बोरिवलीच्या एका माणसाने ती लाल गाडी विकत मागितली. मी जुनी प्लेट मिळवून बसवली, पाणी भरलं, आणि रविवारी सकाळी तिला पोचवायला निघालो. हायवे रिकामा होता. अंधेरी मागे पडल्यावर मी हूड उघडलं आणि पाय दाबला. बाबा, ती गाडी काय जाते हे तुम्हाला माहीतच नव्हतं. तिच्या पोटातून आवाज आला तो मी कधी ऐकलाच नव्हता. पाण्याचा काटा हलला नाही. कसला वास नाही, कसली धडधड नाही. गाडी चांगली होती. दोष तिच्यात नव्हता आणि माझ्यातही नव्हता. मग कुणाचा, ते मला लिहायचं नाही. मी एकटाच मोठमोठ्याने हसत होतो, आणि तुमची आठवण मला थेट बोरिवलीला, चावी देताना आली.