माझ्या मिलचं सिमेंट, तुमची भिंत

दि. ९, मंगळवार

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. खोकला गेला. नवी खोली हवेशीर आहे, फक्त खिडकीतून थेट कारखान्याची चिमणी दिसते, त्यामुळे घरी आले तरी काम काही डोळ्यांपुढून हलत नाही. खालच्या मजल्यावरच्या आजींना मी सिमेंट दळते असं सांगितलं, तर म्हणाल्या, चक्कीवर बरी नोकरी लागली हो. मी म्हटलं, हो आजी, फक्त आमचं पीठ मळून ठेवलं तर सकाळी घण लागतो.

आईचे गुडघे कसे आहेत ते तुम्हीच लिहा. तिला विचारलं की "ठीक" म्हणते, आणि तुम्हाला फोन द्यायला सांगितलं की "झोपलेत" म्हणते. तुम्ही भर दुपारी झोपता यावर विश्वास बसायचा तर मी दुसऱ्या कुणाच्या पोटी जन्माला यायला हवं होतं. म्हणून हे पत्र. फोन तुम्ही टाळता, पण पत्र आलं की चष्मा पुसून वाचायला बसता, हे मला ठाऊक आहे.

तर बाबा, मला सगळं कळलंय. तुमच्याकडे सिमेंट-वाळूचा माल कालवणाऱ्या मावशींनी सांगितलं. त्यांच्यावर चिडू नका. इतकी वर्षं तुमच्या हाताखाली काढून त्यांनी तोंड हे एवढंच एकदा उघडलंय.

दवाखान्याच्या नव्या इमारतीत दाराजवळची मोठी भिंत तुम्ही केलीत आणि गिलाव्याला तडे गेले. ठेकेदारानं विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, हात थकले माझे, दुसरा गवंडी बघा. घरी येऊन हत्यारं पोत्यात बांधलीत आणि माळ्यावर टाकलीत. आता घराबाहेरही पडत नाही म्हणे.

नाचता येईना अंगण वाकडं, हे मी पुष्कळांचं पाहिलंय. पण अंगण खरंच वाकडं असताना आपलेच पाय वाकडे म्हणणारा माणूस माझ्या पाहण्यात एकच, आणि तो नेमका माझा बाप.

मावशी सांगत होत्या, माल कालवून घमेलं तुमच्यापर्यंत नेईतो तो आळून यायचा. थापी आत जायची नाही. सिमेंट खराब आहे, ठेकेदाराला सांगू, असं त्या म्हणाल्या. तुम्ही पोत्यावरचं नाव पाहिलंत, छापलेली बाजू भिंतीकडे फिरवलीत आणि म्हणालात, "थोडं पाणी मारा. आणि हे कुणाला बोलायचं नाही."

हे सिमेंट आणायचा हट्टही तुमचाच होता म्हणे. ठेकेदार दुसरंच आणणार होता. माझी मुलगी जिथे मिल चालवते तिथलंच आणायचं, असं तुम्ही चारचौघांत त्याला सुनावलंत. मला मात्र तोंडावर कधी एक शब्द बोलला नाहीत. मुलगी यंत्रावर उभी राहते हे तुम्हाला अजून पटलेलंच नाही, असं मी आजवर धरून चालले होते. मावशींच्या दारात बसून मी पोटभर रडले. तशी घरी यायला धजले नाही, साइटवर जाऊन त्याच सिमेंटचं अर्धं पोतं उचलून आणलं.

खोलीवर वाळू घालून माल कालवला, तुम्ही शिकवलात तसाच. हात धुऊन येते तो काय, घट्ट गोळा. आधी घाबरले. मग राग आला, आणि रागाच्या भरात पाणी न घालता तो तसाच घोटत बसले. आणि बाबा, तो सुटला. मऊ झाला आणि पुढे बराच वेळ चांगल्या मालासारखा राहिला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आमच्या मिलमध्ये भट्टीतून आलेले काळे खडे आणि थोडं जिप्सम लोखंडी गोळ्यांखाली एकत्र दळलं जातं. जिप्समचं काम एवढंच, की सिमेंटला घाई करू द्यायची नाही. दिसायला ते कोरडा दगड, पण त्याच्या अंगात पाणी जडलेलं असतं. मिल बेताची गरम असली तर ते पाणी जागेवर राहतं. फार तापली की उडून जातं. पोत्यातली भुकटी दिसायला तशीच दिसते. पण मावशी पाणी घालतात तेव्हा हे तहानलेलं जिप्सम आधी आपलं पाणी ओढून घेतं आणि माल आवळून टाकतं. सिमेंट बिचारं तोवर जागंही झालेलं नसतं. ते आळणं खोटं असतं, घोटलं की मोडतं. खडे तेच, जिप्सम तेच, गोळे तेच. दळताना भोवती धग किती होती, एवढाच काय तो फरक.

मिल का तापली, हे लिहायचं मी मघापासून टाळतेय. मागणी वाढली होती, खडे निवायच्या आत मिलमध्ये येत होते आणि मिलच्या आत पाणी फवारणारी तोटी चोंदली होती. तापमानाचा काटा चढलेला मला दिसत होता. पण माल भरपूर निघत होता, फलकावर माझ्या पाळीचं नाव पहिलं लागलं होतं, आणि तीच फुशारकी मी तुम्हाला फोनवर मारली होती. पोत्यावरची तारीख मी पाहिली. ते दळण माझ्या पाळीचं आहे.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, गवंड्यांचं हे नेहमीचं रडगाणं, लॅबमध्ये सगळं पास आहे. मी म्हटलं, लॅबमधलं यंत्र एकसारखं ढवळत राहतं, तिथे हे खोटं आळणं टिकेलच कसं? हातानं कालवून बघा. माणूस सरळ आहे. बाह्या सरसावून स्वतः कालवायला बसले, आणि थापी आत जाईना तेव्हा उठून मिल थांबवायला सांगितली. तोटी साफ झाली, खडे निवू द्यायचं ठरलं, त्या दिवसांतली पोती परत मागवली. माल कमी निघतो, फलकावरून माझं नाव उतरलं, त्याचं मला काडीचंही दुःख नाही. आज जे सिमेंट निघतंय ते घेऊन मी कुणाही गवंड्यापुढे ताठ मानेनं उभी राहीन.

आता तुम्हाला न आवडणारी गोष्ट. माल आळला तो माझ्यामुळे, पण तडे पाण्याचे आहेत. मालात वरून पाणी मारलंत, म्हणून गिलावा सुकताना आकसला. असा माल कधी पाहिलाच नसेल तर कुणीही गवंडी हेच करेल. पण ते पोतं तुम्ही परत पाठवायला हवं होतं. दुसऱ्या कुणाचं असतं तर ठेकेदाराच्या अंगावर भिरकावलं असतंत. माझं म्हणून झाकलंत, आणि उभ्या जन्माचं नाव त्यापायी घालवलंत. हे कळल्यापासून अभिमानानं ऊर भरून येतो आणि तुमचा भयंकर रागही येतो. दोन्ही खरं आहे.

काल ठेकेदाराला भेटले. सगळं सांगितलं, माझ्या पाळीसकट. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे म्हाताऱ्याचे हात शाबूत आहेत?"

मी म्हटलं, "हात शाबूतच आहेत. जीभ तेवढी मुलीपायी अडली."

तो गिलावा खरवडून रविवारी तीच भिंत तुम्ही पुन्हा करणार, असा शब्द मी तुम्हाला न विचारता देऊन आले आहे. नाही म्हणायचं असेल तर मला कळवू नका. तिथे येऊन त्याला सांगा.

मावशींना त्या दिवशी सुट्टी दिली आहे. माल मी कालवीन, नव्या दळणाचा. तुम्ही हात लावून बघा, आणि जरा जरी वावगं वाटलं तर या वेळी गप्प बसू नका. सगळ्यांदेखत, माझ्या तोंडावर, माझ्या मिलचं नाव घेऊन सांगा की हे सिमेंट वाईट आहे. तुम्ही चांगलं म्हणालात तरच मी ते चांगलं मानीन.

रविवारी तुमच्या हाताखाली राबायला येणारी,
तुमची मुलगी